बीडाचे चाक आणि वेगाचा वर्ग

कोल्हापूर आणि मोटार म्हटले की न्यू पॅलेसमधील राजाराम महाराजांची मेबॅक आठवते. या शहराची यंत्रविद्या मात्र राजवाड्यात नव्हे, शिवाजी उद्यमनगरातील ओतशाळांत व लेथवर घडली. तेथील कारखान्यांत उसाच्या मळ्यांना पाणी पाजणारी ऑइल इंजिने तयार होत. त्यांचे सर्वांत ठळक अंग म्हणजे बीडाचे अवजड फ्लायव्हील. 🧵

एका सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच, अर्ध्या फेरीपुरता जोर मिळतो. उरलेली दीड फेरी चाकाने साठवलेल्या गतीवर निभते.

मोटारीत सिलिंडर अधिक, म्हणून इतक्या वजनाची गरज नाही. जुन्या गाड्यांचे शौकीन फ्लायव्हील लेथवर उतरवून हलके करतात ते याचसाठी. इंजिन चटकन वेग पकडते. तर्क खोटा नाही, पण अपुरा आहे.

फिरत्या कड्यातील ताण त्याच्या जाडीवर ठरत नाही. तो परिघाच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. १ मीटर व्यासाचे चाक मिनिटाला ५०० फेरे घेते तेव्हा त्याची कड सेकंदाला सुमारे २६ मीटर धावते. ३० सेंटीमीटरचे चाक ६००० फेऱ्यांवर ९४ मीटर! वेग साडेतीन पटींहून थोडा अधिक, ताण तेरापट.

बीड दाब उत्तम सोसते, ओढ नाही. १८९१ मध्ये अमेरिकेतील अमॉस्केग कापडगिरणीत ३० फुटी चाक फुटून माणसे दगावली. पुढे क्लीव्हलंडचे प्राध्यापक चार्ल्स बेंजामिन यांनी बीडाची छोटी चाके मुद्दाम फोडून पाहिली. अखंड कडेची चाके सेकंदाला सुमारे १२० मीटरवर फुटली. सांधलेल्या कडेची बरीच आधी.

आता ९४ आणि १२० शेजारी ठेवावेत. मोटारीचे चाक भरीव तबकडीचे असल्याने त्याला थोडी सवलत मिळते. पण त्यात क्लचच्या उष्णतेने पडलेल्या बारीक भेगा मिळवाव्यात, वजन घटवण्यासाठी पाडलेली भोकेही. भोकाच्या काठाशी ताण दुपटीहून वाढतो. शिवाय अनेक गाड्यांत हे चाक चालकाच्या पायांजवळच फिरते. म्हणूनच अमेरिकी ड्रॅग शर्यतींत वेगवान गाड्यांना फ्लायव्हीलभोवती संरक्षक कवच सक्तीचे झाले.

ओतकामातले जुने कारागीर चाक टांगून हातोडीने वाजवत. निर्दोष बीड घुमते, तडकलेले बद्द वाजते. केसाएवढी भेग मात्र या परीक्षेतून निसटते. ती शोधण्यासाठी रंगद्रव्याची किंवा चुंबकीय तपासणीच लागते, आणि तीही लेथवर चढवण्यापूर्वी.