वाटीचें माप



स्वयंपाक ही पाहून शिकण्याची विद्या आहे, असें आपल्याकडे परंपरेनें मानलें गेलें. आणि जोंपर्यंत घरांत आई, आजी, सासू, जाऊ अशीं चार जाणतीं माणसें चुलीभोंवतीं वावरत होतीं, तोंपर्यंत तें खरेंही होतें. परंतु खाडीपलीकडे वसलेल्या नव्या मुंबईंत एखादी तरुणी किंवा एखादा तरुण नोकरीनिमित्त येतो, वाशीला किंवा ऐरोलीला दोन खोल्यांचें बिऱ्हाड मांडतो आणि पहिल्या दिवशीं डाळ शिजत लावून तिच्यासमोर उभा राहतो, तेव्हां त्याच्या शेजारीं कोणीहि नसतें. हातांत मोबाइल असतो, आणि त्यांत हजारों पाककृति असतात. तरीहि त्याचा हात मिठाच्या बरणीवर अडतो. पाककृति हाताशीं असूनहि धैर्य कां येत नाहीं, या प्रश्नाचें उत्तर आपल्या पाकपुस्तकांच्या इतिहासांत सांपडतें, आणि तोच इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

पाकशास्त्रावर लिहिण्याची आपली प्रथा जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत राजाच्या भोजनाचा स्वतंत्र विचार आहे. तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारींहि पाकशास्त्रावर लेखन झालें. परंतु हें लेखन मुदपाकखान्यांतील कसलेल्या हातांसाठीं होतें. ज्याला कांहींच येत नाहीं, असा वाचक त्या ग्रंथकारांच्या डोळ्यांपुढें नव्हता, आणि असण्याचें कारणहि नव्हतें.

छापखाना आला आणि वाचक बदलला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं प्रसिद्ध झालें. मराठींतील अगदीं आरंभींच्या छापील पाकपुस्तकांत त्याची गणना होते. पुढें १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हें पुस्तक निघालें. त्याच्या नांवांतच दोन आश्वासनें आहेत. एक संख्येचें, दुसरें मैत्रीचें. संख्येचें आश्वासन पाळणें सोपें असतें. मैत्रीचें पाळणें कठीण. कारण नवशिक्याचा खरा मित्र तो, जो त्याला किती घ्यावें आणि केव्हां थांबावें हें सांगतो.

किती घ्यावें, या पहिल्याच प्रश्नापाशीं जुन्या पुस्तकांची अडचण होती. त्या काळचीं मापें शेर, पावशेर, तोळा अशीं. सरकारी शेर ऐंशीं तोळ्यांचा, म्हणजे सुमारें ९३३ ग्रॅमचा. पण गांवोगांवचे शेर निराळे असत, आणि धान्य मापण्याचा शेर व वजनाचा शेर यांतहि भेद असे. १९५६ सालीं मेट्रिक मापांचा कायदा झाला, १९५८ पासून किलो-ग्रॅमचीं वजनें टप्प्याटप्प्यानें बाजारांत आलीं, आणि एका पिढीच्या आंत आजीचें मोजमाप नातीला परकें झालें. जुनें पुस्तक कपाटांत राहिलें. त्याची भाषा समजे, परंतु त्याचें माप समजेनासें झालें.

हा पेंच केवळ आपलाच नव्हता. अमेरिकेंत बोस्टन येथील पाकशाळेच्या फॅनी फार्मर यांनीं १८९६ सालीं काढलेल्या पुस्तकांत सपाट भरलेला ठराविक पेला आणि ठराविक चमचा यांवर भर दिला. तेथें निश्चितता आली ती सर्वांचा पेला एक करून. आपल्याकडे मात्र उत्तर निराळें निघालें, आणि तें अधिक सुटसुटीत होतें.

कुंडल गांवीं १९१३ सालीं जन्मलेल्या कमलाबाई ओगले यांचें शालेय शिक्षण फारसें झालेलें नव्हतें. १९७० सालीं त्यांचें ‘रुचिरा’ प्रसिद्ध झालें, आणि पुढें त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. लाखावर सुनांची एकच सासू, अशा अर्थानें त्यांचें कौतुक होत असे. या यशाचें मोठें श्रेय एका साध्या वस्तूला आहे, आणि ती वस्तु म्हणजे वाटी. कमलाबाईंनीं बहुतेक मापें वाटी व चमचा यांत दिलीं. वाटी नाहीं असें मराठी घर नाहीं. ती लहान असो वा मोठी, एकाच वाटीनें सारें मोजलें म्हणजे प्रमाण आपोआप जमतें. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, हें वाक्य कोणत्याहि वाटीनें खरें ठरतें. तराजू नको, विकतचा पेला नको. चमच्याच्या बाबतींत तेवढें जपावें लागतें. वाटी मोठी घेतली आणि मिठाचा चमचा तोच राहिला, तर पदार्थ अळणी होतो.

माप झालें, आतां केव्हां थांबावें. येथें आपल्या भाषेनें पूर्वींच मोठें काम करून ठेवलें आहे. मोहरी तडतडली कीं हिंग घालावा, मसाल्याला तेल सुटेपर्यंत परतावें, रवा खमंग वास येईतों भाजावा, पाक अंगठा व तर्जनी यांमध्यें धरून एकतारी झाला कीं नाहीं तें पाहावें. या खुणा कानाला, नाकाला, डोळ्याला आणि बोटाला कळतात. सात मिनिटें भाजा, असें सांगितलें तर कढई जाड कीं पातळ, आंच मंद कीं प्रखर, यावर सारें अवलंबून राहतें. खूण मात्र कोणत्याहि शेगडीवर तीच राहते. शेजारीं उभी असलेली सासू घड्याळाकडे पाहत नसे. ‘आतां वास बघ,’ असें ती म्हणे.

‘रुचिरा’ निघालें त्याच १९७० सालच्या मार्च महिन्यांत सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई उभारण्यास आरंभ झाला. १९७३ मध्यें वाशीचा खाडीपूल खुला झाला. १९९२ मध्यें मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल गाडी आली. नव्या शहरांत घरें आलीं, परंतु त्या घरांत आजी आली नाहीं. याच भूमीवरील जुन्या गांवांत आगरी आणि कोळी घरांतील मुली तांदळाच्या पिठाची उकड आणि माशांचें कालवण आजहि पाहूनच शिकतात. तें ज्ञान आरंभींच्या छापील पुस्तकांत फारसें उतरलें नाहीं. आणि पाहण्याची ही सोय शेजारच्याच इमारतींतील नवशिक्याला नाहीं.

मोबाइलवरील पाककृतींचें ॲप रचणाऱ्यांपुढें म्हणूनच खरें काम आहे. हजाराच्या जागीं लाख पाककृति भरल्यानें नवशिक्याचें भय जात नाहीं. उलट निवड करतांनाच तो थकतो. त्याला आरंभीं दहाच पदार्थ द्यावेत, आणि एका वेळीं एकच पायरी दाखवावी. त्याच्या घरच्या वाटीचें माप द्यावें, आणि प्रत्येक पायरीची खूण सांगावी. कढई चर्रकन् वाजली पाहिजे, तर तो आवाज ऐकवावा. हात पिठानें माखलेले असतात, तेव्हां पडदा विझूं नये आणि सूचना मराठींत बोलून मिळावी. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे चूक झाली तर काय करावें, हें त्याच पानावर असावें. आमटी खारट झाली तर थोडी शिजलेली डाळ आणि पाणी घालून ती वाढवावी. भात कच्चा राहिला तर गरम पाण्याचा हबका मारून झांकण ठेवावें. जाणत्या बाईची हिंमत कधीं न चुकण्यांत नसते. चूक सांवरतां येते, हें ठाऊक असल्यामुळें ती येते.

गुप्त्यांनीं पुस्तक दिलें, धुरंधरांनीं भांडार दिलें, कमलाबाईंनीं माप दिलें. उणीव राहिली आहे ती शेजारीं उभें राहून ‘आतां वास बघ’ म्हणणाऱ्या माणसाची. छापील पानाला तें जमणें शक्य नव्हतें; बोलणाऱ्या आणि ऐकवणाऱ्या यंत्राला तें थोडेंफार जमावें. परंतु त्या यंत्राचा उद्योग सफल झाला, हें ओळखावयाचें कसें? ज्या दिवशीं नवशिका मोबाइल बाजूला ठेवून, वासावरून डाळीखालची आंच मंद करील, त्या दिवशीं तो सफल झाला असें समजावें.