वसईच्या कोटातील जुनी ख्रिस्तमंदिरे

शालेय इतिहासात वसईचे नाव दोनदा येते. पहिल्याने इ. स. १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या विजयामुळे; दुसऱ्याने १८०२ मध्ये, दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेल्या तहामुळे. इंदूरकरांस दोन्ही प्रसंगी होळकरांचे स्मरण होणे साहजिक आहे. १७३९ च्या वेढ्यात मल्हारराव होळकर हे राणोजी शिंद्यांसह चिमाजी अप्पांच्या साहाय्यास होते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला, म्हणूनच बाजीरावास वसई गाठावी लागली. तेथे ३१ डिसेंबर रोजी झालेल्या तहाने मराठी राज्याच्या स्वातंत्र्यावर पाणी सोडले. आमचा उत्कर्ष आणि आमचा अधःपात, दोन्ही या एकाच कोटाने पाहिले.

परंतु या दोन सनांपलीकडे वसई हे एक नांदते नगर होते, हे आपण विद्यार्थ्यांस क्वचितच सांगतो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली. पुढे दोन शतके ती त्यांच्या उत्तरेकडील प्रांताचे मुख्य ठाणे होती. कोटात सेंट जोसेफचे मुख्य चर्च उभे राहिले. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन व जेझुइट संघांनी आपापले मठ व मंदिरे बांधली. फ्रान्सिस्कनांच्या भग्न मंदिरातील फरशीत थडग्यांच्या शिळा असून त्यांवर पोर्तुगीज अक्षरे कोरलेली आहेत. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानातील नागासाकी येथे क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये त्यांस संतपद मिळाले.

या राजवटीतील धर्मच्छळ विसरण्याजोगा नाही. मराठ्यांच्या मोहिमेमागे तेही एक कारण होते. तथापि शरण आलेल्या शत्रूस चिमाजी अप्पांनी आठ दिवसांची मुदत देऊन चीजवस्तूंसह सुरक्षित जाऊ दिले. जिंकलेल्या मुलखातील चर्चच्या घंटा पुढे महाराष्ट्रातील देवळांत टांगल्या गेल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटेवर १७०७ हा सन असून मरियम व बाल येशू यांची आकृती आहे. पुढे हिंदू भाविकांनी ती भक्तिभावाने वाजविली.

पोर्तुगीज सत्ता गेली, पण वसईचा ख्रिस्ती समाज तेथेच राहिला. त्याच्या घरांत सामवेदी व वाडवळी बोली आजही ऐकू येतात. १९९८ मध्ये वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे याच भूमीचे सुपुत्र.

तेव्हा कोटातील ही पडकी मंदिरे परक्यांची म्हणून बाजूस सारणे आम्हांस उचित वाटत नाही. ज्यांच्या पूर्वजांनी तेथे प्रार्थना केली, ते आज मराठीत लिहितात, मराठीत प्रार्थना करतात. वसईचा विजय शिकविताना शिक्षकांनी या माणसांचाही इतिहास सांगावा. तो वगळल्यास विद्यार्थ्यांच्या हाती केवळ दोन सन उरतील, आणि मराठी समाजाचा एक भाग आपल्याच इतिहासात परका ठरेल.