सर्वोच्च नावाचे पहिले न्यायालय

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण भागात, सेंटर स्ट्रीटवर, उंच खांबांची एक षट्कोनी इमारत आहे. १९५७ सालच्या 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' या चित्रपटाच्या प्रारंभी दिसते ती हीच. तिच्या दर्शनी भागावर जॉर्ज वॉशिंग्टनचे एक वाक्य कोरलेले आहे. न्यायाचे खरे प्रशासन हा सुशासनाचा सर्वांत भक्कम स्तंभ होय, असा त्याचा आशय. मात्र वॉशिंग्टनने १७८९ साली एडमंड रँडॉल्फ यांना लिहिलेल्या पत्रात 'खरे' हा शब्द नाही. तेथे 'यथाविधी, यथोचित' या अर्थाचा शब्द आहे. दगडावर चढताना एक शब्द बदलला, आणि तो दोष उघड होण्यास कित्येक दशके जावी लागली. या न्यायालयाच्या इतिहासाकडे पाहू लागलो, की हा शब्दबदल आम्हांस केवळ कारागिराची चूक वाटत नाही. विधी आणि सत्य यांमधील अंतर हीच या संस्थेची कहाणी आहे.

नावापासूनच घोटाळा आहे. या न्यायालयाला 'सुप्रीम कोर्ट' म्हणतात. परंतु ते सर्वोच्च नव्हे. वसाहतकाळात, १६९१ साली, ते स्थापन झाले, तेव्हा ते नाव सार्थ होते. पुढे त्याच्या डोक्यावर दुसरे मजले चढले, नाव मात्र तळमजल्यावरच राहिले. आज न्यूयॉर्क राज्यातील अंतिम न्यायालय ऑल्बनी येथील 'कोर्ट ऑफ अपील्स' हे आहे. त्याच्या खाली 'अपेलेट डिव्हिजन', आणि त्याच्याही खाली हे सुप्रीम कोर्ट. आपल्याकडील जिल्हा व सत्र न्यायालयाशी त्याची तुलना करता येईल. साक्षीदार येथेच पिंजऱ्यात उभा राहतो, उलटतपासणी येथेच होते, ज्यूरी येथेच बसते: गंभीर फौजदारी खटल्यात बारा जणांची, दिवाणी दाव्यात सहा जणांची. घटस्फोटाचा हुकूम द्यायचा तर तो याच न्यायालयाने. वरची न्यायालये प्रामुख्याने कागद वाचतात. माणसे दिसतात ती येथे. म्हणून येथील आसनावर कोण बसतो, हा प्रश्न सामान्य माणसाच्या दृष्टीने वरच्या कोणत्याही आसनाच्या प्रश्नापेक्षा अधिक निकडीचा आहे.

या प्रश्नाला न्यूयॉर्कने वेळोवेळी निरनिराळी उत्तरे दिली. १७७७ च्या राज्यघटनेने नेमणुकांचा अधिकार गव्हर्नर आणि चार सिनेटर यांच्या मंडळाकडे सोपवला. एकट्या गव्हर्नरच्या हाती सत्ता एकवटू नये, हा हेतू चांगलाच होता. पण १८२१ पर्यंत या मंडळाच्या हाती सुमारे १५,००० पदे आली आणि ते वशिल्याचे कोठार बनले. त्याच वर्षीच्या घटना परिषदेने ते मोडीत काढले. मग गव्हर्नरने सिनेटच्या संमतीने न्यायाधीश नेमावेत, असे ठरले. तेही लोकांस रुचले नाही. अँड्र्यू जॅक्सनच्या काळापासून 'लोकांचे राज्य' हा विचार जोर धरीत होता. १८३२ साली मिसिसिपीने आपले सर्व न्यायाधीश निवडणुकीने घेण्याचे ठरवले होते. १८४६ च्या राज्यघटनेने न्यूयॉर्कनेही तोच मार्ग धरला. राज्याचे आठ न्यायिक विभाग झाले, आणि मतदार न्यायाधीश निवडू लागले.

वशिल्यावर लोकशाहीचा उतारा, असा हा उपाय होता. पंचवीस वर्षांत त्या उताऱ्याचेच विष झाले. न्यूयॉर्क शहरात मतपेटीवर टॅमनी हॉलची पकड होती आणि टॅमनी हॉलवर विल्यम ट्वीडची. जॉर्ज बर्नार्ड आणि अल्बर्ट कार्डोझो हे सुप्रीम कोर्टाचे दोन न्यायाधीश त्या टोळीचे आश्रित मानले जात. या दुरवस्थेला कंटाळून वकिलांनी १८७० साली शहराची बार असोसिएशन स्थापन केली. १८७२ मध्ये बर्नार्ड यांना महाभियोग चालवून पदच्युत करण्यात आले. कार्डोझो यांनी ती वेळ येण्यापूर्वीच राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी मतदारांस थेट विचारण्यात आले: न्यायाधीश पुन्हा नेमणुकीने घ्यावेत काय? इतके सारे डोळ्यांदेखत घडूनही लोकांनी मोठ्या फरकाने 'नाही' असे उत्तर दिले. हातात आलेले मत, ते कितीही निरुपयोगी ठरो, सोडून देण्यास माणूस तयार होत नाही.

राजीनामा देणाऱ्या कार्डोझोंचा मुलगा बेंजामिन तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता. तो वकील झाला. १९१३ साली टॅमनीविरोधी आघाडीचा उमेदवार म्हणून तो त्याच सुप्रीम कोर्टावर निवडून आला. वडिलांनी कलंकित केलेल्या न्यायालयात मुलगा मतदारांच्या मतानेच पोहोचला. तेथून थोड्याच आठवड्यांत तो कोर्ट ऑफ अपील्समध्ये गेला आणि १९३२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात. अमेरिकन न्यायपरंपरेत त्याचे नाव आज आदराने घेतले जाते. पद्धत तीच, पिता तिच्यातूनच आला, पुत्रही तिच्यातूनच.

मग पद्धतीचा काहीच दोष नाही काय? तसे म्हणवत नाही. १९११ साली पक्षाच्या सामान्य मतदारांना न्यायाधीशपदाचे उमेदवार थेट निवडण्याचा अधिकार मिळाला होता. १९२१ साली तो काढून घेण्यात आला. तेव्हापासून पक्षाचे मतदार प्रतिनिधी निवडतात, प्रतिनिधी मेळाव्यात उमेदवार ठरवतात आणि नोव्हेंबरात जनता त्यावर शिक्का मारते. प्रतिनिधी कोणाचे, हे जाणकारास सांगावे लागत नाही. जेथे एकाच पक्षाचे प्राबल्य आहे, तेथे मेळावा संपला की निवडणूक संपलीच. निवडून येणाऱ्याची मुदत १४ वर्षांची.

ब्रुकलिनच्या दिवाणी न्यायाधीश मार्गारिटा लोपेझ टोरेस यांनी या व्यवस्थेला आव्हान दिले. पक्षनेत्यांनी सुचवलेली माणसे आपण नोकरीस ठेवली नाहीत, म्हणून मेळाव्याचे दार आपल्याला बंद झाले, असे त्यांचे म्हणणे होते. खालच्या दोन्ही संघीय न्यायालयांनी त्यांची बाजू मान्य केली. २००८ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती फेटाळली. पक्षाने आपला उमेदवार कसा निवडावा, यात राज्यघटनेचा भंग होत नाही, असा निर्णय झाला. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी सहमतीच्या टिपणात थर्गुड मार्शल यांच्या एका उक्तीचे स्मरण केले: विधिमंडळाने मूर्खपणाचे कायदे करू नयेत, असे राज्यघटना म्हणत नाही. कायदा घटनेला धरून आहे म्हणजे तो शहाणपणाचा आहे असे नव्हे, हेच त्यांना सुचवायचे होते.

नेमणूक असो वा निवडणूक, निवडणाऱ्या हाताच्या मागे दुसरा हात असतोच. १७७७ चे मंडळ, १८७० ची टॅमनी आणि आजचा पक्षमेळावा यांत फरक असलाच तर तो एवढाच, की तो दुसरा हात कितपत दिसतो. लोपेझ टोरेस हरल्या. पण त्यांच्यामुळे तो दिसला. त्या इमारतीवरील शब्द आता कोणी बदलील असे वाटत नाही. आमच्या मते मात्र मूळचा शब्दच अधिक प्रामाणिक होता. न्यायाधीशाच्या अंगी सत्य असेल की नाही, याची हमी कोणतीच निवडपद्धत देऊ शकत नाही. विधी यथोचित आणि सर्वांदेखत व्हावा, एवढे मागण्याचा अधिकार मात्र पिंजऱ्यातल्या साक्षीदारालाही आहे.