जुना कॉम्प्युटर मोडीत काढण्याआधी: घरासाठी कोणती ऑपरेटिंग सिस्टीम घ्यावी?

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव इथल्या बऱ्याच घरांत एखादा जुना कॉम्प्युटर असतोच. मुलांचा अभ्यास, शिष्यवृत्तीचा फॉर्म, लाईट बिल, बँकेचं काम सगळं त्यावरच चालतं. यातल्या पुष्कळ मशीनवर विंडोज १० आहे आणि मायक्रोसॉफ्टने त्याची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण नव्याने सापडलेल्या त्रुटींवर सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. अशा मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकणं धोक्याचं. मग दुकानदार म्हणतो, "नवीनच घेऊन टाका." दरवेळी त्याची गरज नसते.

आधी काम बघा

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्राम. तो निवडण्याआधी घरात कोण काय करतं, ते कागदावर लिहून काढा.

- महाडीबीटीचा शिष्यवृत्ती अर्ज, आपले सरकार, ईमेल, यूट्यूब: ही कामं ब्राउझरमध्ये होतात. कोणतीही सिस्टीम चालेल.
- एमएस-सीआयटी: यात विंडोज आणि एमएस ऑफिस शिकवतात. सरावासाठी घरी विंडोजच बरं.
- दुकानाचा टॅली, उर्दूसाठी इनपेज, लग्नपत्रिकेसाठी कोरलड्रॉ: यांना विंडोज लागतं.

पर्याय कोणते?

विंडोज ११: यासाठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्राम आपलं मशीन चालेल की नाही ते सांगतो. विंडोज १० अस्सल असेल आणि मशीन पात्र असेल तर अपग्रेडला पैसे लागत नाहीत.

विंडोज १० वरच थांबणं: मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात. ही फक्त सवड आहे, कायमचा उपाय नाही.

लिनक्स मिंट: पूर्ण मोफत. दिसायला विंडोजसारखं, त्यामुळे घरातल्या मोठ्यांनाही लवकर जमतं. ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवरही चालतं. लिबरऑफिस सोबतच येतं, त्यात वर्डच्या फाईल उघडतात. मराठी आणि उर्दू, दोन्ही कीबोर्ड जोडता येतात. मात्र टॅली, इनपेज यात थेट चालत नाहीत आणि काही प्रिंटर त्रास देतात.

क्रोम ओएस फ्लेक्स: गुगलचं, मोफत. ज्यांचं सगळं काम इंटरनेटवर आहे त्यांच्यासाठी. मोबाईलची ॲप यात चालत नाहीत.

'फुकट' विंडोजपासून सावध

दोन-चारशे रुपयांत क्रॅक केलेलं विंडोज टाकून देणारे भेटतात. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय क्रॅकसोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येऊ शकतो. फुकटच हवं असेल तर लिनक्स हा सरळ मार्ग आहे.

बदलण्यापूर्वी

१. फोटो, मार्कशीट, दाखले, जातीचं प्रमाणपत्र, सगळं पेनड्राईव्ह किंवा वेगळ्या हार्डडिस्कवर उतरवा. नवीन सिस्टीम टाकताना जुना डेटा पुसला जाऊ शकतो.
२. लिनक्स मिंट आधी ८ जीबीच्या पेनड्राईव्हवरून चालवून बघा. त्याने हार्डडिस्कवर काही बदलत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर तिथेच तपासा.
३. मशीन फार हळू असेल तर जुन्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी बसवा. कोणतीही सिस्टीम टाकली तरी फरक जाणवेल.

थोडक्यात, ठरावीक विंडोज प्रोग्राम लागत असेल आणि मशीन पात्र असेल तर विंडोज ११. मशीन जुनं आणि काम ब्राउझरचं, तर लिनक्स मिंट. काम विंडोजचंच आणि मशीन अपात्र, तेव्हाच नवीन कॉम्प्युटरचा खर्च करा.