ध्वनीने उलगडलेली फट : श्वानांच्या काचबिंदूच्या अभ्यासातील एक टप्पा

नेत्रगोलातील वाढता दाब हे काचबिंदूचे प्रमुख लक्षण होय. परंतु तो का वाढला, हे दाबमापक सांगत नाही. नॉर्वेचे यालमार शिओत्स यांनी १९०५ साली पुढे आणलेल्या दाबमापकामुळे दाब आकड्यांत मांडण्याची रीत रूढ झाली. १९३८ साली ओटो बार्कन यांनी मनुष्याच्या नेत्रातील निचऱ्याच्या कोनाचे निरीक्षण करून काचबिंदूचे अरुंद कोनाचा व उघड्या कोनाचा असे दोन प्रकार मानले. श्वानांच्या बाबतीत हे निरीक्षण अपुरे पडते. त्यांच्या कोनाच्या तोंडाशी तंतूंचा कंगव्यासारखा पडदा असतो आणि नेत्रजल गाळणारे जाळे त्यामागील फटीत दडलेले असते. भिंगातून पडदा दिसतो, फट दिसत नाही.

१९५६ साली मंट व ह्यूज यांनी नेत्रातील अर्बुदांच्या निदानासाठी श्राव्यातीत ध्वनी वापरला. तथापि इतके सूक्ष्म भेद त्यात उमटत नसत. १९९० च्या सुमारास टोरांटो येथे पॅव्हलिन, फॉस्टर प्रभृतींनी सेकंदाला सुमारे ५ कोटी कंपनांचा ध्वनी योजला. तो जेमतेम ५ मिलिमीटर खोल जातो. पण ही फट तेवढ्यात येते. जिवंत श्वानाच्या नेत्रात तिची रुंदी मोजणे त्यामुळे साध्य झाले.

तरीही फटीच्या मापावरून दाब वर्तविता येतो, असे मानणे घाईचे ठरेल. वंशागत काचबिंदू असलेल्या बीगल श्वानांत कोन प्रारंभी उघडा असूनही दाब चढतो. २०११ साली या विकाराचा संबंध एका जनुकातील दोषाशी जोडला गेला. ध्वनी आकार दाखवितो. प्रवाहास होणाऱ्या विरोधाची खूण दाबात उमटते. म्हणून दोन्ही मापे एकत्रच वाचावी लागतात.