केडगावच्या छापखान्यात वर्षाची शेवटची रात्र

गाडी केडगावला थांबते तेव्हा उन्हं कलली आहेत. 31 डिसेंबर 1921, वार शनिवार. पुण्याहून दौंडकडे जाणारी जी.आय.पी. रेल्वेची गाडी इथं जेमतेम टेकते. तुम्ही उतरता न उतरता तोच ती धूर सोडत निघूनही जाते. स्टेशनाबाहेर दोन्ही हातांना निसवत आलेला शाळू, आणि त्यावरून येणारा, कानशिलं बधिर करणारा वारा.

तुम्ही ख्रिस्ती आहात आणि मराठीत लिहिता. कधी एखादं गीत, कधी मनन, कधी नाताळ अंकासाठी कथा. वर्षअखेरच्या उपासनेत पाळकसाहेब सांगतात, सरल्या वर्षाचा हिशेब प्रभूपुढे ठेवा. मग डोळे मिटून तुमची यादी सुरू होते. छापून आलेले लेख, साभार परत आलेले लेख, रखडलेलं पुस्तक, कुठल्या संमेलनाचं बोलावणं आलं आणि कुठलं आलं नाही. यादी खरी असते. पण ती मनात म्हणताना आपण प्रार्थना करतोय की कुणा परीक्षकापुढे उभे आहोत, हेच कळेनासं होतं. म्हणून तुम्हाला इथं आणलंय.

मुक्ती मिशनचं आवार स्टेशनापासून लांब नाही. पंचवीस-एक वर्षांपूर्वी हा उघडा माळ होता. पंडिता रमाबाईंनी तो घेतला आणि विहिरी खणल्या. 1897 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना गोळा करून घेऊन आल्या. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या. गर्दीच्या वर्षांत इथं दोन हजारांच्या आसपास माणसांची पंगत पडत होती. तुम्ही फाटकातून आत शिरता तेव्हा तेलघाणा थांबलेला आहे, मागावर कापड झाकून ठेवलंय, गोठ्यात धारा काढणं चाललंय. उद्या रविवार आणि वर्षाचा पहिला दिवस, तेव्हा जिकडंतिकडं आवराआवर. छापखान्यात मात्र अजून कंदील पेटलेले आहेत.

आत शाईचा आणि रॉकेलचा वास भरून राहिलाय. तिरक्या घोड्यांवर टाइपांच्या पेट्या मांडलेल्या, एकेका पेटीत बारीक बारीक खण. देवनागरीच्या जुळाऱ्याला हात फार लांबवावे लागतात. मूळ अक्षरं निराळी, अर्धी निराळी, जोडाक्षरं निराळी, काना-मात्रा-वेलांटीचे खिळे आणखी निराळे. इथं जुळारी म्हणजे एक बाई आहे, तिशीपुढची. डाव्या हातात स्टिक. उजवा हात न बघता खणाकडे जातो आणि नेमका हवा तो खिळा उचलून आणतो. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, पण ती सरळ वाचल्यासारखी वाचते, ओठ हलवत. ओळ भरली की अंगठ्यानं दाबून बघते. एक खिळा तिला झिजलेला वाटतो, तो कंदिलापाशी धरते, बाजूच्या डब्यात टाकते आणि दुसरा घेते.

“बसा,” ती म्हणते. “एवढं पान होऊ द्या.”

तिच्या बोलण्यात गुजरातचा हेल अजून आहे. 1900 साली आली तेव्हा ती लहान पोर होती. तिला मराठी येत नव्हतं, अक्षरओळखही नव्हती. आज तिच्यापुढे जुन्या कराराचं पान आहे. जुळवणी बायकांची, छपाई बायकांची, कागदाच्या घड्या आणि बांधणीही बायकांचीच. ज्या इब्री मजकुरावरून हे मराठी उतरलं, ते उतरवणारीही बाईच. मूळ इब्रीपासून पुस्तकाच्या पुठ्ठ्यापर्यंतची सगळी वाट बायकांच्या हातांतून गेली आहे. मराठी ग्रंथांच्या इतिहासात या गोष्टीला जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळालेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथं जरा थांबा. या बाईचे ओठ बघा. कुठं ते भरभर हलतात, कुठं अडतात, मागं जाऊन पुन्हा ओळीच्या सुरुवातीला येतात. या पुस्तकाची पहिली वाचक तीच आहे. मराठी ही तिच्या आईची भाषा नव्हे, आणि शाळा म्हणाल तर या आवारातली तेवढीच. रमाबाईंना बायबलच्या भाषांतराचं हे काम हाती घ्यावंसं वाटलं ते अशांसाठीच. मिशनरी आणि शास्त्री यांनी मिळून केलेलं मराठी बायबल तोवर होतंच. पण त्याची भाषा संस्कृताच्या वजनानं जड झालेली, खेड्यातल्या बायकांच्या डोक्यावरून जाणारी. शिवाय त्यातले धर्माचे शब्द ऐकणारीला भलत्याच सिद्धांताकडे नेतात, असंही बाईंना वाटे. म्हणून इब्री आणि ग्रीकचा अभ्यास करून, वयाच्या पंचेचाळिशीनंतर, त्या पहिल्या अध्यायापासून बसल्या.

आता पलीकडच्या खोलीत चला. दार वाजवून उपयोग नाही, रमाबाईंना ऐकू जाणार नाही. कान तरुणपणापासून अधू आहेत. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला, आणि या बहिरेपणापायीच तो बेत सोडावा लागला. तुम्ही टेबलाशी जाऊन उभे राहता. वय 63. साधं पांढरं पातळ, बारीक कापलेले केस. समोर ताजं मुद्रित, शाई अजून पुरती वाळलेली नाही. लेखणी एका अक्षरापाशी थांबते, समासात खूण होते, लेखणी खालच्या ओळीवर उतरते.

मुद्रितं तपासणं तुम्हाला ठाऊक आहे. त्यात प्रतिभेला काम नाही. अर्थामध्ये रमलात की ऱ्हस्व-दीर्घ सुटतो, म्हणून ओळ अक्षराअक्षरानं वाचावी लागते. मान आखडते, डोळ्यांत पाणी येतं, आणि एवढं करून शेवटी वाचकाला फक्त राहिलेली चूक दिसते. पंधरा-वीस पानांच्या लेखाची मुद्रितं आली तरी आपण कुरकुरतो. इथं उत्पत्तीपासूनचा सगळा जुना करार आहे.

आणि वर्ष कसलं गेलंय बघा. 24 जुलैला मनोरमा गेली. एकुलती एक लेक, चाळिशीतली, शारदा सदन ही शाळा सांभाळणारी. आपल्यामागं मुक्तीचा भार तिच्याच खांद्यावर जायचा, असं आईनं धरलेलं. त्याआधीचीही नावं आहेत. तरुणपणी दुष्काळात आई-वडील आणि बहीण, 1880 साली भाऊ, 1882 साली पती. तुमच्या-माझ्यातल्या कुणीही अशा वर्षाच्या शेवटी आधी आपल्या दुःखावर लिहिलं असतं. त्यात वावगं काही नाही, दुःखावर लिहिलेलं कितीतरी साहित्य लोकांना आधार देऊन गेलंय. रमाबाई मुद्रितं तपासताहेत. मला तर हेच त्यांचं विलापगीत वाटतं.

ही बाई काय लिहू शकत होती, हेही आठवा. विशीत कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ म्हटलं, ‘सरस्वती’ म्हटलं. 1887 साली ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ निघालं आणि अमेरिकेत तिचं नाव झालं. 1889 चं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ आज उघडा, त्या मराठीची धार अजून बोटाला लागते. असली लेखणी हाती असताना तिनं आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षं अशा पुस्तकाला दिली, ज्यावर लेखक म्हणून तिचं नाव लागायचंच नव्हतं. जन्मभर कमावलेली सगळी संस्कृत विद्या तिनं एकाच कामी लावली: जिच्याजवळ विद्या नाही तिला वाक्य कळावं. आणि त्या सतरा-अठरा वर्षांतल्या प्रत्येक 31 डिसेंबरला काम अपुरंच होतं. आपल्या हिशेबाच्या यादीत पुरं झालेलंच तेवढं जमेला धरतात. त्या यादीनं पाहिलं तर रमाबाईंची यांतली बहुतेक वर्षं कोरी दिसतील.

सगळ्यांनी असंच लिहावं, असं मात्र म्हणता येणार नाही. अडीच वर्षांपूर्वी, 9 मे 1919 ला, नारायण वामन टिळक गेले. त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन, सगळं हाताशी घेतलं आणि ख्रिस्ताला मराठी भक्तीच्या घरात बसवलं. त्यांच्या तीनशे वर्षं आधी, 1616 साली, फादर स्टीफन्सनी गोव्यात रायतूरला ‘ख्रिस्तपुराण’ छापलं, तेही ओवीतच, रोमन लिपीत, सुमारे 11,000 ओव्या. रमाबाईंनी जुन्या धर्मशब्दांपासून मुद्दाम दूर राहून उलटी वाट धरली, आणि मुळाशी शब्दाशब्दानं इमान राखताना काही ठिकाणी त्यांच्या वाक्याची लय जाते. गाण्याच्या बाजूनं माझं मन टिळकांकडे ओढ घेतं, हे लपवून काय करायचं? पण या रात्री, या छापखान्यात, दोन्ही वाटा एकाच उंबऱ्याशी येतात हे दिसतं. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलंय. ते पुढं नेणार आहे त्यांची पत्नी, लग्नानंतर अक्षरं गिरवलेली लक्ष्मीबाई. पुढं ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी गद्याला नवं बळ देणारीही तीच. ज्यांच्यासाठी सोपं लिहायचं असं आपण म्हणतो, त्यांच्यातूनच लिहिणारी माणसं उठतात.

घंटा होते. जुळारी बाई हात धुते, पण नखांतली शाई निघत नाही, ती तशीच निघते. तुम्हीही मागोमाग जा. चर्चमध्ये बायका जमिनीवर रांगेनं बसल्यात, आंधळ्या मुली एकमेकींचा हात धरून आल्यात, लेकुरवाळ्यांनी पोरं पदराखाली घेतलीत. 1905 च्या आत्मिक जागृतीपासून इथं सगळी मंडळी एकदम, मोठ्यानं प्रार्थना करते. कुणी मराठीत, कुणी गुजरातीत, कुणी कानडीत. त्या कल्लोळात कुणाचं वाक्य कुठं संपलं, कळत नाही. तुम्ही तुमची यादी म्हणू बघता, पण तुमचा आवाज तुम्हालाच ऐकू येत नाही. शेजारच्या आजीबाई कुणा नातीचं नाव घेऊन रडताहेत. थोड्या वेळानं तुमच्याही तोंडी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव येतं.

बारा वाजून जातात. 1922 लागतं.

इथं असलेल्यांपैकी एकट्या तुम्हाला पुढचं माहीत आहे. बाईंच्या हातात आता 95 दिवस आहेत. सांगू नका. सांगून त्यांचा वेग वाढणार नाही, कारण तो आधीच तेवढा आहे. सोमवारी सकाळी पुन्हा कंदील पुसले जातील, पुन्हा खिळे उचलले जातील, ओलं मुद्रित पलीकडच्या खोलीत जाईल आणि समासात खुणा होऊन परत येईल. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, असंच. शेवटची मुद्रितं हातावेगळी झाली आणि 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. छापलेलं संपूर्ण बायबल 1924 साली बाहेर पडलं. ते त्यांनी पाहिलं नाही.

मराठी मंडळ्यांच्या व्यासपीठांवर पुढंही बायबल सोसायटीचीच आवृत्ती राहिली, रमाबाईंचं भाषांतर मागं पडलं. मला ही आपल्या मंडळीची मोठी हानी वाटते. ते पुन्हा वाचलं जायला हवं, निदान आपल्यातल्या लिहिणाऱ्यांनी तरी.

तेव्हा या डिसेंबरात दोन कामं करा. रमाबाईंच्या भाषांतराची प्रत मिळवा आणि त्यातला एक अध्याय मोठ्यानं वाचा. मग वर्षभरात तुम्ही लिहिलेलं एखादं पान घ्या आणि मंडळीतल्या, शाळा अर्ध्यावर सुटलेल्या एखाद्या मावशीला वाचून दाखवा. ती जिथं अडेल तिथं समासात खूण करा, आणि 1 जानेवारीला त्या ओळीपासून लिहायला बसा.