भीमाशंकरचे रान कोणी राखले?

भोसरीहून नाशिक रस्त्याने निघावे, चाकण, राजगुरुनगर, मंचर मागे टाकावे आणि घोडेगावकडे वळावे. कारखान्यांची छपरे केव्हाच संपलेली असतात. डोंगरमाथ्यावर सदाहरित रान सुरू होते. पावसाळ्यात त्याची छायाचित्रे सर्वत्र फिरतात आणि खाली हमखास लिहिलेले असते, ‘मानवी स्पर्शापासून दूर’. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे शब्द खटकतात.

माणसाचा स्पर्श येथे जुनाच आहे. देवळापुढील अवजड पोर्तुगीज घंटा पाहा. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण मानली जाते. घंटेपाशी सगळेच थांबतात. मला मात्र तिच्या मागचे रान हेच अधिक मोलाचे ऐतिहासिक साधन वाटते.

देवाच्या नावाने राखलेल्या रानाला आपण देवराई म्हणतो. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही. कित्येक ठिकाणी वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. नियम मोडणाऱ्यावर देवाचा कोप होतो, ही श्रद्धा. भीमाशंकर-आहुपे परिसरातील महादेव कोळी गावांनी अशा राया सांभाळल्या. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या लोकपरंपरेचे शास्त्रीय मोल विद्वानांपुढे आले.

सरकारी संरक्षण फार उशिरा आले. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगले निर्माण केली खरी, पण त्यामागे इमारती लाकडाचा हिशेब होता. भीमाशंकर अभयारण्य झाले ते १९८५ साली, मुख्यतः शेकरूसाठी. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो. फांदीवरून फांदीवर झेपावतो. झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले नसतील तर त्याची वाटच तुटते. तोवर ते भिडलेले राहिले, यात देवरायांचा वाटा मोठा.

जपानमध्येही देवस्थानांभोवती अशी राने असत. १९०६ पासून सरकारने छोटी देवस्थाने एकत्र करण्याचा सपाटा लावला आणि त्यांची जुनी झाडे विकली जाऊ लागली. मिनाकाता कुमागुसू या निसर्गअभ्यासकाने त्याविरुद्ध मोहीम उघडली. १९१० साली त्याला अटकही झाली.

आपल्याकडे देवराई राखणाऱ्यांची नावे कोणत्याही दप्तरात सहसा सापडत नाहीत. उलट अभयारण्य झाल्यावर बंधने आली ती त्याच गावांच्या वापरावर. सामूहिक वनहक्काला कायद्याची मान्यता मिळायला २००६ साल उजाडावे लागले.